सहा दिवसांची खिंड

कात्तिक २१, बागरछाप

ट्रेकिंग कंपनीच्या कल्पना मिसने पोखऱ्याहून ही वही पाठवली आहे. रोज लिहायचं: किती वाजता निघालो, पाणी कुठे मिळालं, चढ कुठे, मुक्काम कुठे. गाइड बाईला नोंद ठेवता आली पाहिजे म्हणतात. मी आठवीपर्यंत शिकलेली. लॉजचा मेनू सोडला तर वीस वर्षांत काही लिहिलं नाही. तरी लिहीन.

गाडीरस्ता आमच्या गावावरून वर गेला तेव्हापासून चालणारे लोक जीपमधून धूळ उडवत जातात. कुणी कुणी हात हलवतं. आमच्या लॉजच्या आठ खोल्यांपैकी या तिहारच्या दिव्यांनंतर एक भरली, ती पण एक रात्र. खालचा ठेकेदार लॉज विकत मागतोय, त्याला जीपवाल्यांसाठी ढाबा काढायचा आहे. पुढचा मङ्सिर महिना संपेपर्यंत उत्तर दे, म्हणाला. विकलं तर पोखऱ्याला मुलीच्या भाड्याच्या खोलीत जायचं, सासूला, आमांना घेऊन. आमा तिथे चार महिने जगणार नाहीत.

मिसचं म्हणणं वेगळं. काठमाडौंच्या बँकेतल्या, शाळेतल्या बायका आता मनाङ-मुक्तिनाथमधली बर्फाची खिंड चढायला बघतात. आपल्याच बायका, रजा आठवड्याची. त्यांच्यासाठी सहा दिवसांचा कार्यक्रम छापलाय. "तू एकदा स्वतःच्या पायाने सहा दिवसांत पार करून दाखव, तुलमाया. चैतापासून बायका तुझ्या."

वीस वर्षं मी लोकांना त्या खिंडीकडे पाठवते आहे. स्वतः मनाङच्या पुढे कधी गेले नाही. लॉज कुणावर टाकून जाणार होते?

संध्याकाळी पिशवी भरत होते तर आमांनी त्यांचा पांघरायचा जाड घलेक आणून त्यात कोंबला.

"हे कशाला?"

"मी येतेय."

"कुठे?"

"मुक्तिनाथला. मरायच्या आधी एकदा बघायचंय."

अडुसष्ट वय. गेली तीस वर्षं आमांच्या तोंडून मुक्तिनाथचं नाव मी ऐकलेलं नाही. नाही म्हटलं, तर चूल विझवून दारात जाऊन बसल्या. आता सहा दिवस कसे व्हायचे, देव जाणे.

कात्तिक २२, चामे

सकाळी सहाला निघालो, चारला पोचलो. पाणी तिमाङला. आमा नसत्या तर दोनला पोचले असते. वाटेतल्या प्रत्येक चहाच्या भट्टीतली बाई त्यांना ओळखते. प्रत्येकीकडे बसायचं, एकीला सून कशी आहे, दुसरीला म्हैस व्याली का. मी उभी.

"आमा, चला ना."

"चालतेच आहे. तोंडाने चालतेय, मग पायाने."

पाहुणी म्हणून लॉजमध्ये राहायची मला सवय नाही. जेवणघरात बसले तर हात मोकळे ठेववेनात. शेवटी उठून आत गेले आणि कप विसळायला लागले. इथल्या साहुनीने, लॉजच्या मालकिणीने, हातातून काढून घेतले. "आज तू गिऱ्हाईक आहेस. गिऱ्हाइकासारखी बस आणि जेवणाला नावं ठेव."

बसले. डाळ पातळ होती. मनातल्या मनात नावं ठेवली.

कात्तिक २३, पिसाङ

साडेसहा ते तीन. चांगलं चाललं. पाइनच्या सावलीत पाय आपोआप पडतात. मला वाटत होतं शेहेचाळीस म्हणजे उशीर झाला, पण पाय ऐकतात. आनंद झाला. कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

आमा रोज सकाळी विचारतात: झोप लागली का? किती वेळा उठलीस? जेवताना माझ्या ताटाकडे बघत असतात. नवी नवरी होते तेव्हाही अशाच बघायच्या, तेव्हा वाटायचं सून जास्त खाते म्हणून बघतात. आता काय बघतात कळत नाही.

कात्तिक २४, मनाङ

तीन दिवस, तीन मुक्काम, मिसच्या कागदाप्रमाणे. पण इथे घोडं अडलं.

डोल्कर दीदीच्या लॉजवर उतरलो. तिची चूल फार धुरकट, डोकं धरलंय. मिठाच्या चहाने मळमळतं, म्हणून जेवण टाळलं. आमा मुद्दाम छळल्यासारखं करत होत्या. जमिनीच्या त्या एकाच फळीवरून जाऊन मीठ आण, म्हणे. आणलं. मग परत ठेवून ये. मग पुन्हा आण. तीन खेपा. मी म्हटलं, "आमा, मी काय नोकर आहे का?" तर डोल्कर दीदीकडे बघून म्हणाल्या, "अजून सरळ चालते." काय बोलणं हे.

मग जाहीर केलं: "उद्या चालायचं नाही. माझे गुडघे नाही म्हणतात."

"गुडघे म्हणतात की तुम्ही म्हणता?"

"माझ्या वयात दोन्ही एकच."

"एक दिवस गेला तर सहाचे सात होतील, आमा."

"सात हा आकडा वाईट आहे का?"

डोल्कर दीदी पण मधे पडली. "तुलमाया, इथे सगळेच एक दिवस थांबतात, उंचीची सवय व्हायला. तूच पाठवतेस ना तुझे लोक मला, मनाङला दोन रात्री काढा म्हणून?"

"ते गोरे लोक, दीदी. समुद्रावरून येतात. मी पहाडी आहे."

"तू बागरछापची. बागरछाप आमच्यासाठी खालचा देश आहे."

मला राग आला. माझ्या मेहनतीचं कुणालाच काही नाही. आमांचे गुडघे दुखतात तर आमांनी राहावं. मी ठरवलंय, उद्या एकटी जाणार. आमांना सांगितलं. उकडलेली अंडी कापडात बांधून माझ्या पिशवीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

कात्तिक २५, याकखर्क

सातला निघाले, साडेअकराला पोचले. एकटीने चालताना किती हलकं वाटतं. पाणी वाटेत दोनदा. डोकं दुखतंय, रात्री उशी वाईट होती. अंड्याचा वास सहन होईना, एका कुत्र्याला दिली. दुपारी दही खाल्लं ते बाधलं, सगळं बाहेर आलं.

इथली साहुनी पेमा. लहान वयाची आणि तोंडाची फटकळ. म्हणाली, "दीदी, आज इथेच, उद्या पण इथेच."

"मला परवा मुक्तिनाथला पोचायचंय. मी पहाडी आहे ग."

"ते मला नको सांगू, त्या पहाडाला सांग. ओळखतो का तो तुला?"

आणि आत जाऊन फोन करत बसली. गिऱ्हाईक बसलेलं आणि ही फोनवर. असं लॉज चालतं का? मी माझ्या लॉजवर असं कधी केलं नाही.

नाही, मीही फोन करायचे. वर कुणी आजारी निघालं की पुढच्या मुक्कामावर कळवायचंच. पण मी काही आजारी नाही.

कात्तिक २५, फेदी

फेदीला आले. किती वाजता निघाले ते लिहायचं राहिलं. पाणी. पाणी बर्फाचं. डोकं दुखतंय. दही बाधलं. इथल्या माणसाने बूट उलटे घातलेत म्हणून सांगितलं, हसला, मी पण हसले. उद्या खिंड. पाणी बर्फाचं. जेवण नको म्हटलं तर तो रागावला मी पण रागावले. ऊन छान आहे. बाहेर ते लाकडं फोडतायत, आवाज येतो, एका लयीत. त्यांना म्हणावं पुरे आता, आत या. उद्या खिंड. सहा दिवस झाले म्हणजे झालं. बाहेर लाकडं

कात्तिक २९, मनाङ

वरचं पान फाडून टाकणार होते. मग ठेवलं. ती तारीख सव्वीस होती. फेदीला फोडायला लाकूडच नाही, तिथे गॅसवर रांधतात. आणि माझ्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली.

पुढचं मला नीट आठवत नाही, पाल्देनने सांगितलं ते लिहिते. पाल्देन इथला घोडेवाला, डोल्कर दीदीचा पुतण्या. पेमाचा फोन आला तेव्हा आमा आडव्या होत्या. उठल्या, घलेक अंगावर घेतला आणि म्हणाल्या, घोडा आण. पाल्देन म्हणाला, आमा, सकाळी जाऊ. त्या म्हणाल्या, ठीक, सकाळी, पण तुझी सकाळ नाही, माझी. उजाडायच्या आत त्या घोड्यावर होत्या. आयुष्यात कधी घोड्यावर बसलेल्या नाहीत. वाटभर घोड्याला शिव्या.

दुपारी फेदीच्या अंगणात उतरल्या. मी भिंतीला टेकून उन्हात बसले होते. मला म्हणाल्या, "ऊठ, खाली चल."

मी म्हटलं म्हणे, "सहावा दिवस उद्या आहे."

"उद्याचं उद्या."

"तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही, आमा. कधीच बघवलं नाही."

हे मी बोलले. पाल्देनने सांगताना मान खाली घातली, म्हणजे खरंच बोलले. आमांनी माझ्या काखेत हात घातला, पाल्देनने दुसरीत, आणि मला घोड्यावर चढवलं. बसून राहायची ताकद नव्हती म्हणून घलेकने घोड्याच्या मानेशी बांधलं. आणि आमा त्याच संध्याकाळी पायी उतरल्या, घोड्याच्या बाजूने, याकखर्कपर्यंत. एक हात माझ्या पायावर. पाल्देन म्हणतो त्या सबंध वाट बोलत होत्या. मला फक्त घोड्याच्या घंटा आठवतात. काय बोलत होत्या विचारलं तर तो म्हणाला, ते तू त्यांनाच विचार.

विचारलं.

"घोड्याशी बोलत होते," आमा म्हणाल्या. "त्याला पण कुणी तरी लागतं."

याकखर्कला पोचेपर्यंत मला माझं नाव सांगता येऊ लागलं. मनाङला आले तर भूक लागली.

कात्तिक ३०, मनाङ

इथल्या दवाखान्यात डॉक्टर रोज तीन वाजता उंची लागण्यावर बोलतात. गोऱ्यांनी भरलेली खोली, शेवटच्या बाकावर मी. सगळं मला पाठ होतं. हेच मी वीस वर्षं माझ्या अंगणात सांगते: डोकं दुखलं तर वर जाऊ नका, दुखणं वाढलं तर खाली या, वाट बघू नका. डॉक्टरने शेवटी विचारलं, सगळ्यात जास्त कोण दगावतं माहीत आहे का? कुणी म्हणालं म्हातारे, कुणी म्हणालं लठ्ठ. तो म्हणाला, माझ्याकडे तरी, खालच्या पहाडातले आपले लोक. ओझी वाहणारे भारी, स्वयंपाकी, फिरायला आलेली पोरं. त्यांना वाटतं हा परदेशी लोकांचा आजार आहे.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण मला तसं वाटलं.

नंतर त्याने बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, एका रेषेवर पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. चालणं जमलं. अजून दोन दिवस थांब, मग हळू जा, म्हणाला.

डोल्कर दीदीने काल रात्रीच्या भाकऱ्या थापताना वेगळंच सुचवलं होतं. "जीपने खाली जा, मग दुसऱ्या बाजूने जीपने मुक्तिनाथला. फोटो काढ. पोखऱ्यात बसलेल्या बाईला काय कळतंय?"

खोटं सांगणार नाही. लिहायला सोपं आहे, पण मनात रात्रभर होतंच: जीप सकाळी आठला सुटते. आज आठ वाजता दारात उभी होते. जीप गेली. धूळ बसेपर्यंत उभी राहिले, मग आत येऊन डोल्कर दीदीची कपबशी विसळली. इथे कुणी हातातून काढून घेतली नाही.

आमांना सांगितलं, "मी परत वर जाणार."

मला वाटलं अडवतील. म्हणाल्या, "मग घोडा सांगते. गुडघे."

"तुम्ही खाली जा ना, आमा. खूप झालं तुम्हाला."

"मुक्तिनाथ राहिलंय."

ते एक वेड त्यांच्या डोक्यात बसलंय ते बसलंय.

मङ्सिर २, याकखर्क

नऊ ते दोन. मुद्दाम. दर अर्ध्या तासाला बसले, आमा पाल्देनच्या घोड्यावर. पाणी प्यायले, तहान नसताना. अंडी खाल्ली, दोन. कुत्रा आशेने आला होता, त्याला टरफलं.

पेमाची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, दीदी, भात घे." भात दोनदा घेतला. आमा ताटाकडे बघत होत्या. बघू देत.

इथे दोन रात्री.

मङ्सिर ४, फेदी

डोकं स्वच्छ. झोप लागली, एकदा उठले. बूट बरोबर पायांत. फेदीचा तो माणूस म्हणाला, "आज ओळखीची वाटतेस, मागच्या खेपेला कुणी तरी दुसरीच आली होती." भीती वाटते, हे लिहून ठेवते. उद्या वर जाताना वाटलं की डोकं फिरतंय, तर मला स्वतःला कळेल का? मागच्या वेळी कळलं नव्हतं. आमांना म्हटलं, "उद्या मी विचित्र बोलले तर सांगा." आमा म्हणाल्या, "तू नेहमीच विचित्र बोलतेस. वेगळं काय वाटलं तर सांगीन."

मङ्सिर ५, मुक्तिनाथ

पार झालो.

नोंद आधी: पहाटे चारला निघालो, खिंडीवर दहाला, मुक्तिनाथला तीन. पाणी कुठेच नाही, सगळं गोठलेलं, फेदीहूनच भरून न्यायचं. चढ हाय कॅम्पपर्यंत वाईट, मग लांब. प्रत्येक टेकाडावर वाटतं हीच खिंड, आणि पुढे अजून एक टेकाड.

हाय कॅम्पच्या वर चितवनची पाच पोरं-पोरी भेटली. कॉलेजातली, चौथ्या दिवशी फेदीला पोचलेली. एक मुलगी वाटेच्या कडेला बसून ओकत होती. नाव आशिका. बाकीचे तिला टाळ्या वाजवून उठवत होते. "थोडंच राहिलंय यार, ऊठ, फोटोला तरी!"

मी तिला विचारलं, आज वार कोणता. ती विचार करून म्हणाली, "परीक्षा आहे का आज?"

मी पाल्देनकडे बघितलं. पाल्देनने घोड्याकडे, आणि घोड्यावर आमा. आमांना उतरा म्हणवेना. एका पोराने म्हटलं, "दीदी, तुम्ही कोण सांगणार? आपण पहाडी लोक आहोत."

मी म्हटलं, "मी पण तेच म्हणाले होते, दहा दिवसांपूर्वी. मला घोड्याला बांधून आणलंय खाली. हिला पण बांधून नेईन, लागलं तर तुला पण. सांग, कोण आधी?"

आमा तोवर घोड्यावरून उतरल्या होत्या. "चढव तिला," म्हणाल्या. आशिका पाल्देनबरोबर खाली गेली, एक मैत्रीण सोबत. संध्याकाळी पाल्देनचा फोन आला, याकखर्कला पेमाच्या हातचा भात खाल्लाय तिने.

म्हणजे शेवटची अडीच तासांची चढण आमा पायी चालल्या. आणि चांगल्या चालल्या. मी दर वळणावर थांबले, त्या थांबल्या नाहीत. "गुडघे?" विचारलं. "थंडीने बधिर झालेत. बरं झालं," म्हणाल्या. खिंडीवर झेंड्यांचे ढीग आणि वारा असा की बोलता येईना. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. बोटं मोजली माझी, आमांची पण, सगळी हलतात का बघितलं. आणि उतरायला लागलो, कारण वर जितकं थांबाल तितकं वाईट.

मङ्सिर ६, मुक्तिनाथ

सकाळी आमांना घेऊन मंदिरात गेले. एकशेआठ धारांखाली लोक ओरडत पळत जात होते, गारठलेले. आमांना म्हटलं, चला, मी टॉवेल धरते. त्यांनी हात पुढे करून एका धारेचं पाणी बोटांनी उडवलं आणि म्हणाल्या, "झालं. चहा कुठे मिळतो?"

"आमा! एवढं सगळं करून आलात मुक्तिनाथसाठी."

"बघितलं ना? गार आहे."

म्हाताऱ्या माणसांचं मला काही कळत नाही.

चहाच्या दुकानातून मिसला फोन लावला. पार केली म्हटल्यावर खूश झाल्या. किती दिवस लागले विचारलं. चौदा, म्हटलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, फेदीचं ते पान पण वाचून दाखवलं.

"तुला त्रास झाला म्हणून सगळ्यांना होईल असं नाही, तुलमाया."

"काल एकीला झाला, मिस. एकोणीस वर्षांची. मी सहा दिवसांत नेणार नाही. नऊ लागतील."

"नऊ दिवस रजा कुणाला मिळते? बँकेतल्या बायका आहेत."

"मग ज्यांना सहाच आहेत त्यांना मनाङपर्यंत नेईन आणि परत आणीन. खिंड नाही."

"खिंड नाही तर येतील कशाला?"

"ते मला माहीत नाही."

"आणि हा कार्यक्रम विकलाच गेला नाही तर? तू म्हणाली होतीस ठेकेदार मङ्सिरभरच थांबणार आहे."

आमा समोर चहात बिस्किट बुडवत होत्या, ऐकत नसल्यासारख्या.

"तर लॉज विकीन," मी म्हटलं. "पण सहा दिवसांच्या कागदावर माझं नाव घालू नका."

मिस म्हणाल्या, "लिहून पाठव. नऊ दिवसांचा. फोटो काढून पाठव, आजच. बघते मी."

बघते म्हणजे काय, ते कळायला मङ्सिर संपावा लागेल. दुकानवाल्याकडून कोरा कागद मागितला. पहिला दिवस चामे, दुसरा पिसाङ, तिसरा ङावल, चौथा मनाङ. इथे आमांनी चष्मा मागून घेतला, कागद तोंडाजवळ धरला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मोठ्या अक्षरात लिही."

लिहिलं: पाचवा दिवस, मनाङ. कुणीही कुठेही जायचं नाही. गाइडशी भांडण केलं तरी नाही.